एकनामी डोंबिवलीकर

राम एकवचनी होता. डोंबिवलीचा आयटीवाला एकनामी असतो. ठाण्याला वागळे इस्टेटीत नाहीतर ऐरोलीत बसून तो वेब सर्व्हिस लिहितो आणि तिच्यातल्या भिन्न मेथडना एकच नाव ठेवतो. ग्राहक क्रमांक दिला तर विजेचं बिल, फ्लॅट नंबर आणि महिना दिला तर सोसायटीचं. नाव दोन्हीकडे 'गेटबिल'. याला ओव्हरलोडिंग म्हणतात, आणि त्या शब्दाशी डोंबिवलीकराची ओळख सकाळच्या फलाटावरच झालेली असते. सहकारी याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. हा घरचा संस्कार आहे. ज्या घरात दिवा लावतात, कुकर लावतात, टीव्ही लावतात, पोराला अभ्यासाला आणि पाहुण्याला वाटेला लावतात, तिथे वाढलेल्याला दुसरं नाव शोधणं ही उधळपट्टीच वाटणार. समोर काय आहे ते बघून अर्थ लावायचा (तोही लावायचाच). सी-शार्पचा कंपायलर अगदी घरच्या माणसासारखा तेच करतो: आर्ग्युमेंट बघतो, मेथड निवडतो.

घोटाळा होतो तो उंबऱ्याबाहेर. सर्व्हिसचं कॉन्ट्रॅक्ट ही दारावरची पाटी. ती वाचणारा जावावाला असेल, पीएचपीवाला असेल, त्याला घरातल्या खाणाखुणा कुठून ठाऊक? डब्ल्यूसीएफ या वेब सर्व्हिसच्या चौकटीत एका कॉन्ट्रॅक्टात दोन ऑपरेशनांचं नाव एकच ठेवलं तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. होस्ट उघडायला जावं तेव्हा इनव्हॅलिड ऑपरेशन एक्सेप्शन येऊन आदळतं. म्हणजे हॉल, केटरर, पत्रिका सगळं यथास्थित, आणि अंतरपाटामागे एकाच नावाचे दोन नवरदेव. यावर एकनामी २००१ साल काढतो: सर्व्हिसचं वर्णन लिहायच्या डब्ल्यूएसडीएल १.१ मध्ये चालत होतं की! चालत होतं, खरं आहे. पण निरनिराळ्या साधनांचं एकमेकांशी जमावं म्हणून २००४ च्या बेसिक प्रोफाइलने ते बंद केलं आणि २००७ च्या डब्ल्यूएसडीएल २.० मध्येही त्याला जागा मिळाली नाही. त्याचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार: मग आतसुद्धा नावं बदलायची? मुळीच नाही. ऑपरेशन कॉन्ट्रॅक्टला 'नेम' देता येतं. घरी दोन्ही पोरं 'बाळ्या' असली तरी शाळेच्या दाखल्यावर वेगळी नावं घालतातच. एकनामी मान डोलावतो आणि बाहेरची नावं ठेवतो 'गेटबिल१' आणि 'गेटबिल२'. नियम पाळला, वाचणारा होता तिथेच.

गंमत अशी, की याचं उत्तर रोज त्याच्या डोक्यावर लुकलुकत असतं. कल्याण, कर्जत, कसारा, तिन्ही 'के'ची. रेल्वेने इंडिकेटरवर के१, के२, के३ असं काही केलं नाही. 'के' कल्याणला दिला. कल्याणपुढे आग्नेयेकडे जाणाऱ्या कर्जतला 'एस' आणि ईशान्येकडच्या कसाऱ्याला 'एन'. गाडी कुठल्या अंगाला वळणार ते अक्षरातच आलं, आणि परक्यालाही कळलं. संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर एकनामी मान वर करून बघतो, 'एस' दिसला की आतल्या बदलापूर-कर्जतवाल्यांची तोंडं आठवून मागे सरतो, 'डीएल'ची वाट बघत उभा राहतो आणि तेवढ्यात बायकोला मेसेज टाकतो, "स्टेशनपाशी ये." पूर्वेला की पश्चिमेला, ते तिने समजून घ्यायचं.