पावणेतीन किलो कमी पडले

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "सर, तुमचं वजन कमी पडतंय." विमा कंपनीच्या कॉल सेंटरमधली मुलगी होती. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग फोन स्पीकरवर टाकला, बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

वजन ९६ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, अकरा वर्षांचा मधुमेह, त्याच्या पाठोपाठ आलेला रक्तदाब आणि शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोचणारं घोरणं एवढी शिदोरी घेऊन मी बॅरिअॅट्रिक सर्जनकडे गेलो होतो. गोळ्या वाढत वाढत इन्सुलिनच्या उंबरठ्यावर आलो होतो, म्हणून जाणं भाग होतं. डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढला, किलोला मीटरच्या वर्गानं भागलं आणि म्हणाले, "बीएमआय ३४. तुम्ही बसता."

हे गणित बेल्जियमच्या क्वेटले नावाच्या गृहस्थांनी १८३०च्या दशकात मांडलं. गृहस्थ डॉक्टर नव्हते; खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय. आकाशातले गोल मोजून झाल्यावर त्यांची नजर आमच्यावर वळली असावी. १९९१च्या अमेरिकन नियमानुसार ऑपरेशनला बीएमआय ४० लागायचा, किंवा सोबत आजार असेल तर ३५. २०२२ साली सर्जन मंडळींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे खाली आणले. आता मधुमेह असेल तर तिशीपासूनच विचार होतो. आपल्या आशियाई लोकांना तर साडेसत्तावीसपासून, कारण आपली चरबी हातापायांना न विचारता थेट पोटात मुक्काम ठोकते आणि कमी वजनातही साखर वाढवून ठेवते.

विमा कंपनीचं घड्याळ मात्र १९९१लाच थांबलेलं. पॉलिसीत लिहिलंय: ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. अनियंत्रित मधुमेह त्या यादीत आहे आणि माझा मधुमेह कोणाच्याच बापाला ऐकत नाही. पण ३५ व्हायला मला पावणेतीन किलो हवे होते.

"पावणेतीनच ना?" वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "त्यात काय! एक लग्न आणि एक आंब्याचा सीझन."

बायको काही बोलली नाही, पण रविवारी पुरण शिजलं. मी आयुष्यात पहिल्यांदा राजमान्यतेनं जेवत होतो. पोळीवर तूप, तुपावर पोळी. आणि सांगायला लाज वाटते, चौथ्या दिवशी मला ते जाईना. चोरून खाण्यात जी चव होती, ती हक्काच्या खाण्यात नव्हतीच. वजन वाढलं चारशे ग्रॅम. साखर झाली ३१२. हे ऐकून आहारतज्ज्ञ बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ऑपरेशनआधी दोन आठवडे मोजकं खाऊन यकृत लहान करायचं असतं, कारण चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर पदर घातल्यासारखं पसरलेलं असतं आणि सर्जनला ते उचलून काम करावं लागतं. "आणि तुम्ही ते पुरण घालून पोसताय?" बाई म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. विमा कंपनीला मी जाड हवा होतो, सर्जनना बारीक.

मग तपासण्या सुरू झाल्या. झोपेच्या तपासणीला डोक्याला, छातीला, नाकाला वायरी डकवून मला निजवलं. गणपतीच्या मंडपाला कमी वायरी लागतात. रिपोर्ट आला: तासाला सत्तावीस वेळा श्वास अडतो. तीस असते तर 'गंभीर' म्हटलं असतं. इथंही तीनानं हुकलं.

एंडोस्कोपीत निघालं की अन्ननलिकेखालचं झाकण सैल आहे आणि आम्ल वर येतं. म्हणजे ज्यात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून उरलेल्याचं केळं करतात, ते स्लीव्ह माझ्या कामाचं नाही. त्यानं जळजळ वाढू शकते. बायपास बरा. त्यात जठराची पिशवी उरते सुमारे तीस मिलिलिटरची. नाक्यावरच्या कटिंगच्या निम्मी. उकडीचा अख्खा मोदक मावणार नाही हे मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. गोड खाल्लं तर दरदरून घाम आणि धडधड होऊ शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. मधुमेह जाईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "उतरेल. जाईल असं वचन देत नाही, तुमचा अकरा वर्षं मुरलेला आहे." असं सरळ बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.

शेवटी समुपदेशक. दारू, तंबाखू, नैराश्य हे सगळं विचारून झालं. मी परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलासारखी उत्तरं देत होतो. मग त्यांनी विचारलं, "भूक नसताना कधी खाता?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको पर्सच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "रात्री साडेअकराला फ्रिजसमोर उभं राहून खातात. श्रीखंड, गार आमटी, काहीही. मग वाटी घासून जागेवर ठेवतात. त्यावरूनच कळतं. एरवी घरात कधी वाटी घासलेली नाही त्यांनी."

वीस वर्षं! वीस वर्षं ही बाई ती घासलेली वाटी बघून गप्प बसली होती. बीएमआय, साखर, श्वास, सगळे आकडे एकीकडे. मला खरं जोखलं त्या वाटीनं. समुपदेशकांनी सहा बैठका लावल्या आणि त्या झाल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही म्हणाल्या. झाल्या. सहाव्या बैठकीनंतर सही मिळाली.

विम्याचा नाद सोडला, मुदत ठेव मोडली. दोन आठवडे ताक, सूप आणि प्रोटीनच्या भुकटीवर काढून आज सकाळी काटा ९३ दाखवतोय. विमा कंपनीपासून मी आणखी तीन किलो लांब गेलो आहे.

सोमवारी सकाळी सातला दाखल व्हायचंय. भेटायला जरूर या. येताना काही आणू नका.