घुसखोराला घरात कसे घ्यावे?

(थरारपटात राहायला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी प्राथमिक सूचना)

घरात परका माणूस शिरला आहे आणि आपण दीड तास पलंगाखाली श्वास रोखून पडलो आहोत, अशा चित्रपटात राहायला जाण्याची अनेकांची इच्छा असते. पण पूर्वतयारीअभावी त्यांची गोष्ट पाच मिनिटांत आटोपते. कडी लावलेली असते, फोन चालू असतो आणि घुसखोर दोनदा बेल वाजवून कंटाळून निघून जातो. तसे होऊ नये म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. जागा. चाळ कटाक्षाने टाळावी. तिथे परका माणूस गॅलरीत दिसला की तीन बिऱ्हाडांतून ‘कोण हवंय?’ येते आणि गाव, आडनाव, कामाचे स्वरूप सांगितल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही. त्यातूनही तो आत पोचलाच, तर विरजण मागायला आलेल्या काकू तिथे आधीच बसलेल्या असतात. त्यापेक्षा ‘फनी गेम्स’मधल्यासारखा तळ्याकाठचा बंगला घ्यावा. ऐपत असल्यास ‘पॅनिक रूम’मधले न्यूयॉर्कचे चार मजली, लिफ्टवाले घर उत्तम. घरात माणसे कमी आणि जिने जास्त असावेत.

२. वातावरण. बाहेर पाऊस हवा. राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’मध्ये (१९९९) पाऊस, टीव्हीवर मोकाट खुन्याची बातमी आणि घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, एवढ्या सामग्रीवर भागले आहे. गाणी ठेवू नयेत. तिथेही नाहीत, आणि तीस वर्षे आधीच्या ‘इत्तेफाक’मध्ये राजेश खन्ना नंदाच्या घरात शिरतो तिथेही नाहीत. गाणे पाच मिनिटे चालते. तेवढ्या सवडीत नायिकेला पोलिसांना कळवण्याचे सुचू शकते.

३. दार. हा सर्वांत महत्त्वाचा भाग. लॅच, कडी, साखळी, सेफ्टी डोअर, मॅजिक आय हे सगळे बसवून घ्यावे. त्याने काहीही अडत नाही. कुशल घुसखोर दार फोडत नाही, आपण ते उघडतो. मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाच्या ‘फनी गेम्स’मध्ये (१९९७) पांढरे हातमोजे घातलेला सभ्य मुलगा शेजाऱ्यांसाठी अंडी मागायला येतो. अंडी मिळतात, ती हातातून फुटतात, तो माफी मागतो आणि पुन्हा मागतो. ‘वेट अंटिल डार्क’मध्ये (१९६७) अंध ऑड्री हेपबर्नकडे एक जण नवऱ्याचा लष्करातला जुना मित्र म्हणून येतो, दुसरा पोलीस म्हणून. ‘कौन’मधला मनोज बाजपेयी मल्होत्रांचे घर विचारत येतो आणि भिजत, अदबीने इतका वेळ बोलत राहतो, की त्याला बाहेर ठेवणे आपल्यालाच लागते.

तेव्हा कुलुपापेक्षा स्वभावाची तयारी करावी. रोज आरशासमोर ‘असं दारातूनच बोलणं बरं दिसत नाही’ हे वाक्य दहा वेळा म्हणावे. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. पाहुण्याची चलबिचल दिसताच ‘बसा ना, हे येतीलच’ असे सांगून आपण एकटे असल्याची खात्री पटवावी.

४. फोन. निकामी असावा. ‘फनी गेम्स’मध्ये तो ओट्यावरच्या सिंकमध्ये पडतो, ‘पॅनिक रूम’मध्ये सुरक्षित खोलीतली लाइन जोडायचीच राहिलेली असते. ज्या घरात ‘उद्या नक्की बघतो’ म्हणणारा माणूस आहे, त्या घराला या कलमासाठी वेगळी मेहनत नको.

५. सुरक्षित खोली. पोलादी दार, कॅमेरे, सगळे करून घ्यावे. मात्र डेव्हिड फिंचरने ‘पॅनिक रूम’मध्ये २००२ साली दाखवलेली मांडणी तंतोतंत पाळावी: चोरांना जे हवे ते नेमके आपण लपलो त्याच खोलीत, आणि मधुमेही मुलीचे तातडीचे ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन बाहेर. आपल्याकडे कपाटाची चावी कपाटातच राहते, त्यामुळे हे जमायला हरकत नाही.

६. अंधार. शेवटच्या झटापटीत दिवे घालवावेत. ‘वेट अंटिल डार्क’मध्ये हेपबर्न एकेक बल्ब फोडते, म्हणजे मारेकरी आणि ती बरोबरीला आली. प्रेक्षकही बरोबरीला यावेत म्हणून त्या प्रसंगी चित्रपटगृहातले दिवेही कायदा परवानगी देईल तितके मंद करत. पण ती एक दिवा विसरते. मारेकरी फ्रिज उघडतो आणि स्वयंपाकघर उजळते. रात्री बारा वाजता श्रीखंड शोधणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, ते तिला ठाऊक नव्हते.

७. ओळख पटवणे. दाराबाहेर कोण आहे, हे सगळेच विचारतात. आत कोण आहे, हे विचारायचे राहून जाते. ‘कौन’चा शेवट या एका विसरण्यावर उभा आहे आणि तो इथे सांगत नाही.

पण प्रात्यक्षिक सांगतो. नव्या इमारतीत राहायला येऊन आठवडा झाला होता. कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो, वारा आला, लॅच लागले. मी बनियनवर, खिशात काही नाही. शेजारच्या आजोबांनी चावीवाल्याला बोलावले. त्याने कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला तुकडा फटीत सरकवला, दार दोनदा हलवले, खट्! ज्या कुलपासाठी मी आदल्या आठवड्यात पैसे मोजले होते, ते मिनिटभरही टिकले नाही. तोवर समोरच्या वहिनींनी खुर्ची आणली होती, चहा दिला होता. मजल्यावरचे सहा जण सल्ले देत उभे होते. दार उघडल्यावर सगळ्यांना हायसे वाटले, मी आत गेलो आणि कडी लावली.

घर माझेच आहे का, हे त्या सहांपैकी एकानेही विचारले नाही. तसे विचारणे बरे दिसत नाही.