साडेतीनच्या वरचे शहाणे

आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईच्या काळातले शहाणेही साडेतीनच. त्यापुढे मोजायची गरज कोणाला भासली नाही. अमेरिकेत शहाणपणाची मोजणी मुळात साडेतीनपासून सुरू होते. समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गात चारपैकी ३.५ ची सरासरी राखली, की विद्यार्थी ‘काय सिग्मा आयोटा’ या सन्मान-मंडळात जायला पात्र ठरतो. (नावातलं ‘काय’ हे ग्रीक अक्षर आहे, प्रश्न नाही. तरी आमच्या वहिनींनी ते तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांना तेच उत्तर मिळालं.) हे मंडळ १९८५ साली ओहायो विद्यापीठात निघालं. दुसऱ्याचं दुःख ऐकून घेण्याच्या कामात गुणवत्ता यादी कशी लावतात, असा प्रश्न आमच्यासारख्या अडाण्याला पडतो. पण जिथे रडण्यालाही पन्नास मिनिटांचा तास असतो, तिथे ऐकण्यालाही दशांश चिन्ह असणारच.

या प्रकाराचं मूळ जुनं आहे. १७७६ च्या जुलैत अमेरिकेने जगाला सांगितलं की सगळी माणसं समान जन्मतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच पोरांनी एकत्र येऊन ‘फाय बीटा कप्पा’ काढली आणि समान जन्मलेल्या माणसांतून निवडक बाजूला काढायची सोय केली. अवघ्या पाच महिन्यांत! मंडळ गुप्त होतं, हस्तांदोलनही गुप्त होतं. पुढे १८३१ च्या सुमारास गुप्तता गेली. ते बरंच झालं म्हणायचं. आपला सन्मान झाला आहे हे कोणाला कळूच द्यायचं नसेल, तर सन्मान करून घेण्याचा खर्च कशाला?

शिक्षणशास्त्रवाल्यांनी हे विसाव्या शतकाच्या आरंभी उचललं. १९०६ साली इंडियाना विद्यापीठात ‘फाय डेल्टा कप्पा’ निघाली, फक्त पुरुषांसाठी. अमेरिकेतल्या शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक तेव्हाही बायकाच होत्या. पण शिकवणं वेगळं आणि शिक्षणातला मान वेगळा, ही समज आपल्याकडेच आहे असं नव्हे. मग १९१० मध्ये मिझुरी विद्यापीठातल्या बायकांनी ‘पाय लॅम्डा थीटा’ हा आपला सवतासुभा उभारला. पुरुषांच्या मंडळाचं दार बायकांसाठी उघडायला १९७४ उजाडलं. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी मुख्याध्यापिकाबाई अजून उंबऱ्याबाहेरच. आज दोन्ही मंडळं एकाच छताखाली नांदतात. तिसरं, ‘कप्पा डेल्टा पाय’, १९११ साली इलिनॉय विद्यापीठात जन्मलं. त्याच्या सन्मान्य सभासदांत जॉन ड्यूई आहेत, एलिनॉर रूझवेल्ट आहेत आणि अल्बर्ट आइन्स्टाइनही आहेत. आइन्स्टाइन म्युनिकच्या शाळेच्या शिस्तीला कंटाळून पंधराव्या वर्षी ती शाळा सोडून गेले होते. शिक्षणाच्या मंडळाने त्यांना सभासद करून घेतलं यात मोठेपणा कोणाचा, हे आम्ही अजून ठरवतो आहोत.

समुपदेशनाचा इतिहास याहून रंगतदार आहे. हा पेशा ज्यांच्यापासून मोजतात ते फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ साली बोस्टनमध्ये ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला आणि तरुणांना कोणता धंदा धरावा हे सांगायला सुरुवात केली. स्वतः पार्सन्स कॉर्नेलचे इंजिनिअर. रेल्वेत लागले, १८७३ च्या मंदीत नोकरी गेली. पोलादाच्या कारखान्यात राबले, शाळेत शिकवलं, वकिलीची परीक्षा दिली, कायदा शिकवला, बोस्टनच्या महापौरपदाला उभे राहून पडले, कॅन्ससला जाऊन प्राध्यापकी केली. इतकी दारं पुजल्यावर माणसाकडे एकच भांडवल उरतं, दुसऱ्याला योग्य धंदा सुचवण्याचं. ब्यूरो उघडला त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये मागाहून निघालं.

गुरू गेल्यावर शिष्यांनी काय करायचं असतं? संघटना. १९१३ मध्ये व्यवसाय-मार्गदर्शकांची राष्ट्रीय संघटना झाली. १९५२ मध्ये तिच्यासकट चार संघटनांनी मिळून ‘अमेरिकन पर्सोनेल अँड गायडन्स असोसिएशन’ नावाचा महासंघ केला. १९८३ मध्ये त्याचं पुन्हा बारसं होऊन ‘अमेरिकन असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड डेव्हलपमेंट’ झालं. १९९२ मध्ये तिसरं नाव ठेवलं, ‘अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशन’. आपण नेमके कोण आहोत हे ठरवायला महासंघाला चाळीस वर्षं लागली. समोर बसलेल्या अशिलाने मात्र ते बारा बैठकींत शोधावं अशी अपेक्षा असते. महासंघाला शाखा फुटल्या. त्यांत समूहांसोबत काम करणाऱ्यांचा वेगळा समूह आहे आणि समुपदेशक घडवणाऱ्यांचाही वेगळा आहे. शालेय समुपदेशकांची आणि मानसिक आरोग्य समुपदेशकांची अशा दोन मोठ्या संघटना पुढे महासंघातून वेगळ्या निघाल्या. भाऊबंदकीवर तासाने पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांच्या घरी हे घडलं, म्हणून आम्हाला ही माणसं आपली वाटतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला तिथे परकं वाटायचं कारण नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची पुतणी तिकडे मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात समुपदेशन शिकते. तिला अशाच एका मंडळाचं निमंत्रण आलं. (नाव नको, मंडळं पुष्कळ आहेत.) मजकूर तिने आम्हाला धाडला. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, दुसऱ्यात जबाबदारीची जाणीव, तिसऱ्यात क्रेडिट कार्ड. प्रवेश-शुल्क वेगळं, वार्षिक वर्गणी वेगळी. पदवीदानाच्या झग्यावर घालायची रंगीत दोरी वेगळी, गळ्यातला पट्टा वेगळा आणि कॉलरची पिन वेगळी. मंडळागणिक दोरीचा रंग ठरलेला, कोणाची निळी-पांढरी, कोणाची हिरवी-जांभळी. तीन-चार मंडळांचा सभासद असलेला विद्यार्थी पदवी घ्यायला निघाला, की पोळ्याचा बैलच सजून निघालेला दिसतो.

“काका, घेऊ का गं म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली, बाबांना विचार. बाबा म्हणाले, घेच,” पुतणी फोनवर म्हणाली. “पण नक्की उपयोग काय, ते कोणी सांगेना.”

“बायोडेटात एक ओळ वाढेल.”

“वर्गातल्या सगळ्यांच्याच बायोडेटात ती ओळ आहे.”

तिच्या वर्गात साडेतीनच्या खाली कोणी उरलेलंच नाही म्हणे. बरोबर आहे. सराव-प्रशिक्षणात अशिलाशी कसं बोलायचं त्याचे गुण देणारे प्राध्यापक स्वतःही मुरलेले समुपदेशक. कमी गुण देऊन कोणाच्या आत्मसन्मानाला धक्का लावतील कशाला? आणि मंडळांना मान कोण देतं, तर त्यासाठीही मंडळ आहे. ‘असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज’, स्थापना १९२५. सन्मान-मंडळांपैकी कोणाला सन्मान्य म्हणावं, ते हा संघ पाहतो. त्यालाही वर्गणी असतेच. आता या संघाला प्रमाणित करणारं आणखी एखादं मंडळ निघालं, तर त्याची दोरी आम्हीही घेऊ.

हे वाचून हसणाऱ्या मराठी वाचकांनी जरा आवरावं. आपल्याकडे आदर्श शिक्षक व्हायचं तर शिक्षकाला आपल्या आदर्शपणाचा प्रस्ताव स्वतःच भरावा लागतो, फोटो आणि पुरावे जोडून. त्याशिवाय गल्लोगल्लीचे ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार आहेतच, शाल, श्रीफळ आणि पुरस्कारार्थ्यानेच उचललेला हॉलचा खर्च. फरक इतकाच, की अमेरिकेत पावती मिळते.

इतके सन्मानित समुपदेशक दरवर्षी बाहेर पडतात, तर शाळाशाळांत त्यांची दाटी झाली असेल असं वाटतं. तशी ती नाही. अमेरिकेच्या शालेय समुपदेशक संघटनेचं म्हणणं असं, की एका समुपदेशकामागे अडीचशेच मुलं असावीत. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती. त्यातही समुपदेशकालाच अनेक शाळांत वेळापत्रकं लावावी लागतात, परीक्षांची देखरेख करावी लागते, मधल्या सुट्टीत जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहावं लागतं. उरलेल्या वेळात ३८५ व्या मुलाने रडून घ्यावं. जागा भरायच्या तर शाळा-जिल्ह्यांना पगार द्यावे लागतात. दोऱ्यांना तसं नसतं, त्यांचे पैसे दोरी घालणाराच भरतो. सरकारी खर्चाविना चालणारी शैक्षणिक सुधारणा हीच असावी.

परवान्याचंही असंच. समुपदेशकाला परवाना देणारं पहिलं राज्य व्हर्जिनिया, १९७६ साली. शेवटचं कॅलिफोर्निया, २००९ साली. मधल्या तेहतीस वर्षांत नावं बदलून झाली, शाखा फुटून झाल्या, कित्येक विद्यार्थी दोऱ्या घालून पदवी घेऊन गेले. परवाना मिळाला तरी तो त्या राज्यापुरताच. ओहायोत दुःख ऐकायला लायक असलेला माणूस नदी ओलांडून केंटकीत गेला, की त्याचे कान पुन्हा तपासावे लागतात. आता तीसहून अधिक राज्यांनी एका करारावर सही करून एकमेकांचे कान मान्य करायचं ठरवलंय. हा करार घडवून आणायला महासंघाने घाम गाळला, हे मान्य केलं पाहिजे. या कामाला समारंभ नाही, पिन नाही. विधिमंडळांच्या समित्यांसमोर ताटकळत बसायचं आणि तीच गोष्ट पन्नास ठिकाणी सांगायची. संघटनेने खरं म्हणजे हेच करायचं असतं, पण याचे फोटो चांगले येत नाहीत.

पुतणीने शेवटी दोरीवालं निमंत्रण बाजूला ठेवलं आणि महासंघाची विद्यार्थी वर्गणी भरली. कारण सरळ होतं. सराव-प्रशिक्षणासाठी क्लिनिकमध्ये बसायचं तर आधी व्यावसायिक जबाबदारीचा विमा दाखवावा लागतो, आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सभासदत्वासोबत मिळतो. उद्या एखाद्या अशिलाने कोर्टात खेचलं, तर ग्रीक अक्षरं वकिलाची फी भरायला येणार नाहीत, असं ती म्हणाली. पोरगी हुशार आहे, साडेतीनच्या खाली असती तरी आम्ही हेच म्हटलं असतं.

दादाला हे समजावून सांगायची जबाबदारी आमच्यावर आली. डोंबिवलीत त्याने मुलीचा सन्मान सोसायटीच्या ग्रुपवर आधीच जाहीर केला होता आणि अभिनंदनाच्या अंगठ्यांना उत्तरं देत बसला होता. आम्ही त्याला सगळं सांगितलं, वर्गणी, करार, परवाना, विमा, कोर्ट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“ते सगळं ठीक आहे रे,” दादा म्हणाला. “पण त्या विम्याला गोंडा असतो का?”