साहेबांच्या ड्रॉवरमधल्या किल्लीस

आदरणीय किल्लीताई,


सॅनिटरी नॅपकिनच्या यंत्राची किल्ली म्हणजे आपण. मुक्काम एसटी स्टँडच्या ऑफिसातला वरचा ड्रॉवर. आपले यंत्र महिलांच्या स्वच्छतागृहात भिंतीवर आहे. उद्घाटनाची झेंडूची माळ सुकली तरी त्यावर लटकते आहे. आत पॅड नाहीत. पाच रुपयांचे नाणे मात्र ते बिनतक्रार घेते. परवा माझेही घेतले. चौकशीच्या खिडकीवर विचारले, तर आतल्या भाऊंनी आधी आजूबाजूला पाहिले, मग आवाज खाली आणून सांगितले, "त्याची किल्ली साहेबांकडे. साहेब मीटिंगला गेलेत." कसल्या मीटिंगला, ते मी विचारले नाही. महिला सक्षमीकरणाची असेल.

शेवटी झाडणाऱ्या मावशींनी स्वतःच्या पिशवीतून एक पॅड काढून दिला. म्हणाल्या, "मी म्हटलं, किल्ली द्या, मी भरत जाईन. तर म्हणे, तुमच्या नावावर देता येत नाही." ताई, काय आपला मान!

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणायची सोय नाही. पॅडवरचा 12 टक्के जीएसटी जुलै 2018 मध्ये निघाला. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळतो. रात्री नऊला स्टँडवर उतरणारीने तो दुपारीच घेऊन ठेवावा, इतकेच. 17 मार्च 2023 पासून आम्हाला एसटीचे तिकीटही अर्धे झाले. पाळी अजून पूर्णच येते.

तिकडे स्कॉटलंडमध्ये, ज्या कोणाला गरज असेल तिला पाळीची साधने मोफत मिळतील अशी सोय करणे स्थानिक संस्थांना कायद्याने बंधनकारक झाले. तारीख 15 ऑगस्ट 2022. आपण त्या दिवशी घरोघरी तिरंगा लावत होतो. तिथल्या साहेबांना ड्रॉवर कमी पडत असावेत.

आपल्याकडे यंत्र घ्यायला पैसे निघतात, फीत कापायला निघतात, फलकालाही निघतात. ते यंत्र दर आठवड्याला कोणी भरायचे, हे मात्र कोणाच्या कामात लिहिलेले नसते. सगळे अडते ते इथे.

तेव्हा ताई, आपण मावशींकडे राहायला जावे. जाताना साहेबांना एवढे सांगावे, की शेजारी झाकणाचा डबा ठेवा, नळाला पाणी सोडा, आणि भरण्याच्या कामाचे मावशींना वेगळे पैसे द्या.

कळावे,
अर्ध्या तिकिटातली एक प्रवासी