ऑफ, अप, आउट आणि इतर उपद्रवी

इंग्रजी क्रियापद एकटं असेल तोवर सज्जन असतं. अप, ऑफ, आउट यांची संगत लागली की बिघडलंच म्हणून समजा. दिवा 'गो ऑफ' झाला की विझतो, गजर 'गो ऑफ' झाला की बोंबलतो आणि दूध 'गो ऑफ' झालं की नासतं. फॉर्म 'फिल इन' करा नाहीतर 'फिल आउट' करा. आत काय, बाहेर काय, साहेबाला सगळं सारखंच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल करून टाकलं होतं, की परकी माणसं सर्वांत जास्त इथेच अडखळतात. बिचाऱ्याने ही जोडपी कसोशीने नोंदवलीसुद्धा. लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकात त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' असं भारदस्त नाव मिळालं. वर्तन सुधारलं नाही ते नाहीच.

आपण तर त्याहून उदार. नुसतं 'डिस्कस' पुरत असताना मीटिंगमध्ये 'डिस्कस अबाउट' करतो, 'कोप'ला फुकटचा 'अप' जोडून देतो. आणि हसायचं तरी कोणत्या तोंडाने? 'लिहून काढ', 'देऊन टाक', 'विसरून जा'. विसरायला नेमकं जायचं कुठे, हे मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी पाहुण्याला समजावून बघा.