बॉनेटवैद्य

छत्रपती संभाजीनगरात मोटारीचा बिघाड ही मालकाची खासगी बाब राहत नाही, आणि याचे कारण या शहराच्या औद्योगिक इतिहासात आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, शेंद्र्याला 2001 मध्ये स्कोडा आली, आणि 2010 मध्ये तर शहरातल्या मंडळींनी एकजूट करून सुमारे 150 मर्सिडीज एका दमात खरेदी केल्या. अशा शहरात ज्याने उभी नोकरी स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या नोंदी ठेवण्यात घालवली, त्यालाही इंजिनाचे अंतरंग आपल्याला अवगत आहे असे वाटू लागले, तर त्याला फारसा दोष देता येत नाही. या परिस्थितीतून जो सामाजिक प्रकार उदयाला आला, त्याला सोयीसाठी बॉनेटवैद्य म्हणावे. तो बहुधा सिडकोच्या एखाद्या एन-सेक्टरात राहतो, 'कंपनीतून' निवृत्त झालेला असतो, कोणत्या कंपनीतून हे त्याला विचारण्याचा प्रघात नसतो, आणि शेजाऱ्याने "काका, जरा बघता का?" एवढे म्हणण्याआधीच तो चपला घालून फाटकाशी उभा असतो.

त्याच्या शास्त्राची खरी कसोटी लागते ती "गाडी रेस घेते, पण पळत नाही" या तक्रारीच्या वेळी. हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती म्हणजे फ्लायव्हील. तिच्यावर, दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असलेली क्लचप्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते, आणि हा दाब देणाऱ्या भागाला प्रेशर प्लेट म्हणतात. अस्तर झिजले, किंवा इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून त्यावर पसरले, की पकड सुटते. मग इंजिन जोरात फिरते, फेऱ्यांचा काटा सरसर चढतो, पण चाकांपर्यंत त्यातला थोडाच जोर पोहोचतो आणि उरलेल्याची उष्णता होऊन गाडीत करपट वास येतो. याउलट एअर फिल्टर चोंदला किंवा इंधन पुरेसे पोहोचेनासे झाले, तर रस्त्यावर मुळात काटाच धड चढत नाही. तात्पर्य, काटा चढतो की नाही या एका प्रश्नाने निम्मे निदान होते, आणि बॉनेटवैद्य नेमका तेवढाच प्रश्न विचारायचा ठेवतो.

त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "बॉनेट उघडा बरं." त्यानंतर तो ऑइलची पट्टी बाहेर ओढतो, मालकाच्याच पिवळ्या फडक्याला पुसतो, पुन्हा बुडवून काढतो, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळतो, वास घेतो आणि "हं" म्हणतो. हा "हं" चांगल्या ऑइललाही मिळतो आणि वाईटालाही. पुढे एअर फिल्टर काढून टायरवर आपटला जातो, त्यातून चिमूटभर धूळ पडते, आणि जमलेल्या पाच-सहा जणांना पुरावा मिळाल्याचे समाधान लाभते. या पद्धतीमागे एक तत्त्व आहे: रोग तिथेच असला पाहिजे जिथे उभ्या उभ्या बोट दाखवता येते. क्लच मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून या वैद्यकात त्याला स्थान नाही.

दुसरे कारण शिष्टाचाराचे आहे. क्लचप्लेटचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चालवणाऱ्याचा डावा पाय. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला जाताना दौलताबादच्या वेशीत रांग अडते, पुढे खुलताबादचा चढ लागतो, आणि तिथे हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर, म्हणजे पेडल निम्मे दाबलेले ठेवून, गाडी तोलून धरण्यात अनेकांना कौशल्य वाटते. प्लेट जळते ती तिथे. परंतु हे सांगायचे म्हणजे बायको आणि सासरे यांच्या देखत मालकाला "तुमचा पाय चुकतो" असे म्हणावे लागते, आणि ज्याच्या घरचा चहा हातात आहे त्याला असे बोलणे सिडकोच्या रीतीत बसत नाही. म्हणून दोष जातो 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे. इथेनॉलमुळे मायलेज थोडे घटते हे खरे, पण त्याने क्लच घसरत नाही. तरीही पेट्रोल गुन्हेगार ठरते, कारण चहाला बसून ते उलट उत्तर देत नाही.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये जाते. तिथला उस्ताद बॉनेटला हातही लावत नाही, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये गाडी हळू चालवत तो एकदम ॲक्सिलरेटर दाबतो, काटा उसळतो, वेग आहे तिथेच राहतो, आणि तो म्हणतो, "प्लेट गई, साब. पाँव उठा के रखा करो." ही परीक्षा बॉनेटवैद्यालाही करता आली असती, पण अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या परीक्षेवर रविवारची सकाळ निघत नाही.

या पराभवाने तो खचत नाही. "तेच म्हणत होतो मी, असल्या पेट्रोलने प्लेट जळणारच," असा समारोप करून तो मालकाबरोबर गॅरेजमध्ये हजर होतो, आणि इथे त्याची तीस वर्षांची नोकरी प्रथमच कामाला येते. गिअरबॉक्स खाली उतरलेलाच आहे, तेव्हा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारे बेअरिंग, आताच बदला, असे तो बजावतो. मागचे ऑइल सीलही तपासायला लावतो, कारण या कामात मजुरी जाते ती गिअरबॉक्स उतरवण्याची, आणि ती दोनदा भरणे त्याच्यातल्या स्टोअरकीपरला सहन होत नाही. फ्लायव्हील तापून निळे पडले आहे का, हे तो वाकून पाहतो. जुनी प्लेट मागून घेतो, रिव्हेटपर्यंत झिजलेले अस्तर नखाने खरवडतो, आणि बिलावरचा प्रत्येक सुटा भाग त्याच्या डबीशी ताडून पाहतो. गाडीचे निदान त्याच्याकडून करून घेऊ नये. बिल द्यायला जाताना मात्र त्याच्याशिवाय जाऊ नये.