श्वास रोखून धरा

सरकारी प्रयोगशाळेतला शोध थेट माणसांत सोडणं बरं नव्हे. हे ओळखून 1953 साली राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन झाला. तेव्हापासून शोध करारपत्र अंगावर घेऊनच घराबाहेर पडतो. धूळ रोखण्याच्या शोधाचीच वाटणी पाहा, चोख आहे: तंत्र धनबादच्या खाण संशोधन संस्थेकडे, परवाना कारखानदाराकडे आणि धूळ धाराशिवच्या खडी क्रशरवरच्या मजुराकडे. कुणीही रिकाम्या हाताने परतलं नाही.

एकच बेशिस्त उरली आहे. हा मजूर तोंडाला ओला गमछा बांधतो. रॉयल्टी नाही, मुद्रांक नाही. शासनाने हाही शोध ताब्यात घ्यावा. अर्ज तीन प्रतींत. सोबत गमछ्याच्या घड्यांचा नकाशा. जिल्ह्यातली पाणीटंचाई पाहता, गमछा भिजवल्याबद्दल टँकरची पावती. 'मूळ संशोधक' या रकान्यात अंगठा चालेल.

शिवाय कायदा दयाळू आहे. पेटंटची मुदत 20 वर्षांची. ती संपली की शोध सगळ्यांना मोफत. मजुराने फक्त तोवर श्वास रोखून धरायचा आहे.